चर्चशी संलग्न असलेल्या छोट्या अमेरिकी लिबरल आर्ट्‌स कॉलेजात शिकायला जाताना

आयोवातल्या एका लुथरन (एका प्रॉटेस्टंट ख्रिस्ती पंथाच्या) कॉलेजाचे प्रवेशपत्र हाती आले तेव्हा घरात आनंदाआधी प्रश्न उमटले. मावशीने विचारले, "बाटवणार तर नाहीत ना?" काकांनी विचारले, "सायन्स घेऊन बारावी केलीस आणि आता आर्ट्‌स?" वडिलांनी फक्त कॉलेजाचे नाव कागदावर लिहून घेतले आणि बँकेत विचारायला गेले, तर तिथल्या यादीत ते नावच नव्हते. या तिन्ही प्रश्नांची उत्तरे मला तेव्हा नीट देता आली नाहीत. चार वर्षे तिथे काढल्यावर माझे मत असे झाले आहे की अशा कॉलेजात चर्चमुळे येणाऱ्या अडचणी थोड्या असतात, आणि खऱ्या अडचणी तसेच खरे फायदे कॉलेजाच्या लहान आकारातून येतात. नवे विद्यार्थी आणि त्यांचे पालक मात्र सगळी काळजी पहिल्या गोष्टीची करतात.

काकांच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण तो गैरसमज सर्वांत जुना आहे. लिबरल आर्ट्‌स म्हणजे आपल्याकडची कला शाखा नव्हे. या कॉलेजांत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, संगणकशास्त्र हे सगळे विषय असतात. फक्त मुख्य विषयाबरोबर इतिहास, भाषा, तत्त्वज्ञान, कला यांतले काही अभ्यासक्रम सर्वांना घ्यावे लागतात, आणि रसायनशास्त्र घेऊनही पदवी बहुधा बी.ए. अशीच मिळते.

१. 'संलग्न' या शब्दाचा त्या कॉलेजापुरता अर्थ शोधा

चर्चशी संबंध असलेली सगळी कॉलेजे एका माळेचे मणी नाहीत. इलिनॉयमधल्या व्हीटन कॉलेजात विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना आचरणाविषयीच्या एका करारनाम्याशी बांधून घ्यावे लागते आणि चॅपेलची (कॉलेजातल्या प्रार्थनासभेची) उपस्थिती सक्तीची असते. ते कॉलेज ख्रिस्ती श्रद्धा असलेल्यांसाठीच आहे आणि ते तसे उघडपणे सांगते. मिनेसोटातले सेंट ओलाफ (१८७४) किंवा आयोवातले लुथर कॉलेज (१८६१) ही नॉर्वेहून आलेल्या लुथरन स्थलांतरितांनी काढलेली कॉलेजे आजही चर्चशी संलग्न आहेत, पण तिथे कोणत्याही धर्माच्या किंवा कोणताच धर्म न मानणाऱ्या विद्यार्थ्याला प्रवेश मिळतो आणि चॅपेलला जाणे ऐच्छिक असते. इंडियानातले अर्लम हे क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे कॉलेज (१८४७) तर आणखी वेगळे आहे: तिथे प्राध्यापकांनाही पहिल्या नावाने हाक मारण्याची रीत आहे आणि निर्णय शक्यतो सर्वसंमतीने घेण्याची परंपरा आहे. ग्रिनेल किंवा कार्लटन यांची स्थापना काँग्रिगेशनल पंथाच्या लोकांनी केली, पण आज त्यांच्या वर्गात बसून ते कोणाच्याही लक्षात येणार नाही.

एक शब्द हमखास फसवतो. अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या लुथरन चर्चच्या अधिकृत नावातच 'इव्हँजेलिकल' असा शब्द आहे, पण त्या परंपरेत तो जुन्या जर्मन अर्थाने, म्हणजे साधारण 'प्रॉटेस्टंट' या अर्थाने आला आहे. बातम्यांत दिसणाऱ्या कडव्या इव्हँजेलिकल गटांशी त्याची गल्लत करू नका.

नुसत्या माहितीपुस्तकावर विसंबून न राहता विद्यार्थी नियमावली आणि अभ्यासक्रम पुस्तिका उघडा आणि चार गोष्टी शोधा. श्रद्धेच्या किंवा आचरणाच्या कोणत्या निवेदनावर सही करावी लागते का? चॅपेल सक्तीचे आहे का? धर्म या विषयाचे किती अभ्यासक्रम अनिवार्य आहेत, आणि त्यांत बौद्ध धर्म किंवा भारतीय धर्मपरंपरा यांवरचा अभ्यासक्रम चालतो का? मद्य, वसतिगृहातल्या भेटीच्या वेळा यांविषयी काय नियम आहेत? सेंट ओलाफच्या आवारात, उदाहरणार्थ, मद्याला बंदी आहे, आणि ही गोष्ट माझ्या आईला सगळ्या माहितीपुस्तकापेक्षा जास्त आवडली होती.

आपल्याकडे मिशनरी कॉलेज ही काही नवी गोष्ट नाही. मुंबईचे विल्सन १८३२ चे, सेंट झेवियर्स १८६९ चे, नगरचे अहमदनगर कॉलेज १९४७ चे. पण आपल्याकडे अभ्यासक्रम आणि पदवी यांची सूत्रे वर्षानुवर्षे विद्यापीठाकडे राहिली, त्यामुळे चर्चचा ठसा इमारतीवर आणि प्रार्थनेवर दिसला तरी प्रश्नपत्रिकेवर दिसला नाही. अमेरिकेत कॉलेज स्वतःच अभ्यासक्रम ठरवते आणि स्वतःच पदवी देते, म्हणून तो ठसा अनिवार्य विषयांत उतरू शकतो. (गंमत अशी की १८१३ साली मुंबईत उतरून अमेरिकन मराठी मिशनचे काम सुरू करणारे गॉर्डन हॉल हे मॅसॅच्युसेट्‌समधल्या विल्यम्स या छोट्या कॉलेजाचेच पदवीधर होते. त्याच मिशनने १८४२ मध्ये नगरहून 'ज्ञानोदय' सुरू केले. म्हणजे ओळख जुनीच आहे, फक्त या खेपेस प्रवास उलट दिशेने होतो.)

धर्माचा अभ्यासक्रम घेतल्याने कोणी बाटत नाही. मी घेतलेल्या वर्गात बायबलचे एकच प्रकरण तीन वेगवेगळ्या काळांतल्या टीकाकारांनी कसे वाचले हे शिकवले गेले, आणि माझ्या शेजारी बसणाऱ्या पाद्र्याच्या मुलाला ते माझ्यापेक्षा जड गेले.

२. कॉलेज चार वर्षे टिकेल का, हे तपासा

हा मुद्दा कोणी सांगत नाही, म्हणून तो प्रवेशाच्या आधी ठेवला आहे. छोट्या कॉलेजांचा खर्च मुख्यतः शुल्कावर चालतो, आणि विद्यार्थी कमी झाले की ती बंद पडतात. इलिनॉयचे मॅकमरे कॉलेज २०२० मध्ये, आयोवा वेस्लियन आणि मिशिगनचे फिनलँडिया विद्यापीठ २०२३ मध्ये, अलाबामाचे बर्मिंगहॅम-सदर्न २०२४ मध्ये बंद झाले. ही चारही चर्चशी संबंधित होती आणि त्यांच्यामागे शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास होता, त्यामुळे जुनेपणाला हमी समजू नका.

पहिल्यांदा कॉलेजाला मान्यता (ॲक्रेडिटेशन) आहे का ते पाहा. मध्यपश्चिमेत ती बहुधा हायर लर्निंग कमिशन ही संस्था देते. मग त्या संस्थेच्या संकेतस्थळावर कॉलेज 'प्रोबेशन'वर आहे का, म्हणजे त्याची मान्यता धोक्यात आहे का, ते वाचा. अमेरिकेचे शिक्षण खाते खासगी कॉलेजांच्या आर्थिक स्थितीला उणे १ ते ३ या मापाने गुण देते आणि १.५ च्या खालचे गुण चिंतेचे मानले जातात. याशिवाय गेल्या पाच वर्षांत विद्यार्थिसंख्या किती घटली आणि अलीकडे कोणते विभाग बंद केले, हे प्रवेश अधिकाऱ्याला ईमेलवर सरळ विचारा. हा प्रश्न त्यांना अपमानास्पद वाटत नाही. उत्तर द्यायला जे टाळाटाळ करतात त्यांच्याविषयी तेवढ्यावरून बरेच कळते.

३. पैशाचे गणित अर्जाच्या आधी मांडा

छापील शुल्क पाहून घाबरू नका आणि शिष्यवृत्तीचा आकडा पाहून हुरळूनही जाऊ नका. ज्या आकड्याला अर्थ आहे तो एकच: शिकवणी शुल्क, निवास, जेवण, आरोग्यविमा आणि विमानभाडे यांच्या बेरजेतून कॉलेजाची मदत वजा केल्यावर तुमच्या घरातून दरवर्षी किती जाणार. कॉलेज परदेशी विद्यार्थ्यांना खरोखर किती मदत देते हे पाहायचे असेल तर त्याचा 'कॉमन डेटा सेट' नावाचा दस्तऐवज शोधा आणि त्यातला एच-६ हा रकाना वाचा. किती परदेशी विद्यार्थ्यांना मदत मिळाली आणि सरासरी किती, हे तिथे लिहिलेले असते.

बहुतेक छोटी कॉलेजे परदेशी अर्जदाराची पैशाची गरज प्रवेशाचा निर्णय घेताना विचारात घेतात. त्यामुळे 'आधी प्रवेश मिळू दे, मदत नंतर मागू' हा आपल्याकडचा शहाणपणा तिथे उलटतो. अर्जाच्या वेळी मदत मागितली नाही, तर अनेक कॉलेजांत पुढची चारही वर्षे ती मागता येत नाही. मदतीच्या अर्जासाठी 'सीएसएस प्रोफाइल' किंवा कॉलेजाचा स्वतःचा फॉर्म भरावा लागतो, आणि त्यासाठी पालकांचे प्राप्तिकर विवरणपत्र, वेतनपत्र, शेतीचे उत्पन्न असल्यास तलाठ्याचा किंवा तहसीलदाराचा दाखला आणि बँकेची पाने इंग्रजीत लागतात. शेतीचे उत्पन्न लपवू नका आणि फुगवूही नका. एका पानाची स्वतंत्र टिपणी जोडून ते वर्षागणिक कसे बदलते हे समजावून सांगणे चालते. आम्ही तसे केले होते.

'अर्ली डिसिजन' हा बांधून घेणारा अर्ज असतो: प्रवेश मिळाला की बाकीचे सगळे अर्ज मागे घ्यावे लागतात. पैशाची तुलना करण्याची गरज असलेल्या घराने तो करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. 'अर्ली ॲक्शन'मध्ये असे बंधन नसते.

कर्जाविषयी एकच सांगते. विनातारण कर्ज देणाऱ्या अनेक संस्था विद्यापीठांच्या ठरावीक यादीवरून चालतात आणि छोट्या कॉलेजांची नावे त्या यादीत बहुधा नसतात, म्हणून ही चौकशी डिसेंबरातच करा. परदेशी पैसे पाठवताना बँक टीसीएस (पैसे पाठवतानाच घेतला जाणारा आगाऊ कर) कापणार का आणि कोणत्या दराने, तेही विचारून घ्या. कापलेली रक्कम विवरणपत्र भरताना वळती करून घेता येते.

पुण्याजवळ मुळशी तालुक्यात असलेल्या युनायटेड वर्ल्ड कॉलेजात शिकलेल्यांना एक वेगळी वाट आहे. अशा विद्यार्थ्यांसाठीच असलेल्या डेव्हिस शिष्यवृत्ती योजनेत लुथर, अर्लम, सेंट ओलाफ यांसारखी कॉलेजे सहभागी आहेत, आणि तिथे भेटणारे बरेचसे मराठी विद्यार्थी याच वाटेने आलेले असतात.

४. अर्ज: आपल्या ज्युनियर कॉलेजाला हे सगळे नवे असते

सगळ्यात जास्त वेळ आणि मनस्ताप इथे जातो. 'कॉमन ॲप' या सामाईक अर्जात विद्यार्थ्याचा भाग सोपा आहे. ६५० शब्दांचा एक निबंध, माहिती आणि उपक्रमांची यादी. अवघड आहे तो शाळेचा भाग, कारण अमेरिकेतल्या शाळेत त्यासाठी समुपदेशक नावाचा माणूस असतो आणि आपल्या ज्युनियर कॉलेजात तो नसतो. त्याचे काम प्राचार्य, उपप्राचार्य किंवा वर्गशिक्षक करू शकतात, पण त्यांना ते शिकवावे लागते.

अडचण पहिली: चार वर्षांचे गुण लागतात, नववी ते बारावी. नववी-दहावी एका शाळेत आणि अकरावी-बारावी दुसऱ्या ठिकाणी झालेली असते. शाळेच्या लेटरहेडवर वर्षनिहाय गुणपत्रक टंकून, सही आणि गोल शिक्का घेऊन ते एकत्र करा. नववीचे निकालपत्रक हरवले असेल तर शाळेच्या कार्यालयातल्या रजिस्टरात नोंद असते. गणपतीच्या सुट्टीआधी जा, कारण परीक्षा सुरू झाल्या की लिपिकाला वेळ नसतो.

अडचण दुसरी: 'इंटिग्रेटेड' म्हणजे क्लासशी संधान असलेल्या ज्युनियर कॉलेजात नाव घातले असेल तर तिथल्या शिक्षकांनी तुम्हाला पाहिलेलेही नसते. शिफारसपत्र मात्र वर्गात शिकवलेल्या शिक्षकाचेच लागते. छोटी कॉलेजे ही पत्रे खरोखर वाचतात. माझ्या प्रवेश अधिकाऱ्याने पहिल्या भेटीत माझ्या मराठीच्या बाईंच्या पत्रातले एक वाक्य मला ऐकवले होते. म्हणून अमेरिकेचा विचार असेल तर अकरावीपासून दोन शिक्षकांच्या तासाला नियमित बसा.

अडचण तिसरी सर्वांत नाजूक आहे. शिक्षक म्हणतील, "तूच लिहून आण, मी सही करतो." तसे करू नका. पत्र शिक्षकाने स्वतःच्या ईमेलवरून स्वतः चढवायचे असते, आणि तुम्ही ते वाचण्याचा हक्क सोडल्याची खूण अर्जात करणे श्रेयस्कर असते. त्याऐवजी शिक्षकांना एका पानावर तुमच्या वर्गातल्या कामाच्या आठवणी मुद्द्यांनी लिहून द्या, हवे तर त्यांना मराठीत बोलू द्या आणि शाळेतल्याच इंग्रजीच्या शिक्षकांची मदत घ्यायला सुचवा. सरांनी सांगितलेले एखादे साधे प्रसंगवर्णन 'परिश्रमी, आज्ञाधारक आणि सद्वर्तनी' या तीन विशेषणांपेक्षा किती तरी मोलाचे असते.

याशिवाय 'स्कूल प्रोफाइल' म्हणून एक पान तयार करून घ्या: मंडळाचे नाव, वर्गातली विद्यार्थिसंख्या, गुण कसे दिले जातात, अंतर्गत परीक्षेत ऐंशी टक्के मिळवणारे किती जण असतात. आपल्या अनेक ज्युनियर कॉलेजांत सहामाहीचे गुण मुद्दाम कडक दिले जातात, आणि हे पान जोडले नाही तर बासष्ट टक्के हे आकडे परदेशात वाईटच दिसतात.

वेळापत्रक साधारण असे असते. लवकरच्या अर्जांची मुदत १ किंवा १५ नोव्हेंबर, नियमित अर्जांची जानेवारी-फेब्रुवारी, बहुतेक निर्णय मार्चअखेर आणि होकार कळवून अनामत भरण्याची तारीख १ मे. बारावीचा निकाल त्यानंतर लागला तरी बिघडत नाही, पण अंतिम गुणपत्रक पाठवावेच लागते, आणि बारावीत फार घसरण झाली तर प्रवेश रद्द होऊ शकतो. इंग्रजीसाठी टोफेल, आयईएलटीएस किंवा ड्युओलिंगो यांपैकी काय चालते ते पाहा. सॅट ही प्रवेशपरीक्षा अनेक ठिकाणी ऐच्छिक आहे. गुण चांगले असतील तरच पाठवा.

५. आय-२० आणि व्हिसा

अनामत भरून आणि पैशाची तरतूद दाखवून झाली की कॉलेज आय-२० हा विद्यार्थी व्हिसासाठी लागणारा फॉर्म पाठवते. त्यावरचे नाव, जन्मतारीख आणि पासपोर्टवरचे नाव अक्षरन् अक्षर जुळते का ते त्याच दिवशी तपासा. वडिलांचे नाव मधले नाव म्हणून एका ठिकाणी आहे आणि दुसऱ्या ठिकाणी नाही, हा आपल्याकडचा नेहमीचा घोळ. मग ३५० डॉलरचे सेव्हिस (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीचे) शुल्क, डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन अर्ज, १८५ डॉलरचे व्हिसा शुल्क, बोटांचे ठसे आणि छायाचित्रासाठी एक भेट आणि वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वाणिज्य दूतावासात मुलाखत असा क्रम असतो. जून २०२५ पासून विद्यार्थी व्हिसाच्या अर्जदारांना आपली समाजमाध्यमांवरची खाती सार्वजनिक ठेवायला सांगितले जाते, हेही ध्यानात असू द्या.

मुलाखतीत तुमच्या कॉलेजाचे नाव अधिकाऱ्याने कधी ऐकलेले नसण्याची शक्यता आहे. 'इतके छोटे कॉलेज का' या प्रश्नाला 'शिष्यवृत्ती मिळाली' एवढेच उत्तर अपुरे पडते. तिथला कोणता विभाग, कोणता प्रकल्प, वर्गात किती विद्यार्थी, परत येऊन काय करायचे, हे दोन-तीन सरळ वाक्यांत सांगता आले पाहिजे. एजंटाने दिलेली पाठ केलेली उत्तरे अधिकाऱ्याला लगेच ओळखू येतात.

अभ्यासक्रम सुरू होण्याच्या ३० दिवसांआधी अमेरिकेत प्रवेश करता येत नाही, म्हणून तिकीट काढताना आय-२० वरची तारीख समोर ठेवा.

६. निघण्यापूर्वी

हातातल्या बॅगेत, सामानात नव्हे, पुढील कागद ठेवा: पासपोर्ट, सही केलेला आय-२०, सेव्हिस शुल्काची पावती, प्रवेशपत्र, मदतीचे पत्र, दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, लसीकरणाचे इंग्रजी प्रमाणपत्र, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह नेहमीची औषधे आणि चष्म्याचा नंबर.

लसीकरणात एक खाचखळगा आहे. आपल्या बहुतेकांना लहानपणी बीसीजी दिलेली असते, त्यामुळे क्षयाची त्वचेवरची चाचणी खोटी 'पॉझिटिव्ह' येऊ शकते. तिथल्या दवाखान्यात रक्ताची चाचणी मागा. मी ते न मागितल्यामुळे पहिल्याच आठवड्यात माझा छातीचा एक्स-रे निघाला आणि विम्याचा फॉर्म वेगळाच भरावा लागला. गोवर-गालगुंड-रुबेला लसीच्या दोन मात्रांचा पुरावा बहुतेक कॉलेजे मागतात. तो नसेल तर मात्रा इथेच घ्या, स्वस्त पडतात.

थंडीचे जाड कोट इथून नेऊ नका. आयोवा-मिनेसोटात जानेवारीत उणे २५ अंशांपर्यंत पारा उतरतो आणि आपल्याकडे मिळणारे कोट त्या थंडीसाठी शिवलेले नसतात. बऱ्याच कॉलेजांत परदेशी विद्यार्थ्यांसाठी जुन्या कोटांचे कपाट असते. त्यावर पहिला हिवाळा निघतो. त्या जागी गोडा मसाला, हिंग आणि छोटा कुकर न्या. कुकर वसतिगृहाच्या खोलीत चालणार नाही, सामाईक स्वयंपाकघरात चालेल.

७. पहिले सत्र: लहान कॉलेजाचे नियम

तीन-चारशे मुलांच्या वर्गातून आलेल्याला पंधरा जणांच्या वर्गात बसणे म्हणजे उघड्यावर बसण्यासारखे वाटते. लपायला जागा नसते. दोन तास चुकवले तर प्राध्यापकाचा ईमेल येतो, चार चुकवले तर सल्लागार प्राध्यापकाचा येतो. वर्गातल्या बोलण्याला गुण असतात, आणि 'सरांसमोर काय बोलायचे' या संकोचाने माझे पहिल्या सत्रात सरळसरळ गुण गेले.

प्रत्येक अभ्यासक्रमाचा सिलॅबस म्हणजे विषयांची यादी नसून करार असतो. मुदती, टक्केवारी, उशिराचा दंड सगळे त्यात असते. पहिल्या रविवारी सगळे सिलॅबस समोर ठेवून एकाच दिनदर्शिकेत तारखा उतरवा.

'ऑफिस अवर्स' ही सर्वांत कमी वापरली जाणारी सोय आहे. प्राध्यापक ठरलेल्या वेळी दार उघडे ठेवून बसलेले असतात, आणि तिथे जाणे म्हणजे चूक कबूल करणे किंवा चमचेगिरी करणे नव्हे. मी सहा आठवडे गेले नाही. मग भूशास्त्राच्या बाईंनीच विचारले की तुला माझी भीती वाटते का. पुढे त्याच बाईंनी मला उन्हाळी संशोधनासाठी घेतले, कारण पदव्युत्तर विद्यार्थी नसलेल्या या कॉलेजात प्रयोगशाळेतले काम पदवीच्या विद्यार्थ्यांनाच मिळते. मोठ्या विद्यापीठात ही संधी दुसऱ्या वर्षी मला मिळाली नसती, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

बऱ्याच कॉलेजांत परीक्षेच्या कागदावर सचोटीच्या प्रतिज्ञेवर सही करायची असते आणि कधी कधी पर्यवेक्षकही नसतो. गृहपाठ एकत्र सोडवण्याची आपली सवय इथे घात करते: काय एकत्र करायचे आणि काय एकट्याने, हे प्रत्येक विषयात वेगळे असते, म्हणून विचारून घ्या. उतारा घेतला तर संदर्भ द्या, स्वतःच्या शब्दांत मांडला तरीही द्या.

एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर दर सत्राला पूर्णवेळ अभ्यास, म्हणजे सामान्यतः किमान १२ क्रेडिट, ठेवावा लागतो. एखादा विषय जमत नसेल तर सोडण्याआधी परदेशी विद्यार्थी कार्यालयात जा. सल्लागार प्राध्यापक भला माणूस असतो, पण त्याला व्हिसाचे नियम ठाऊक असतीलच असे नाही.

८. चॅपेल, यजमान कुटुंब आणि जेवण

चॅपेल ऐच्छिक असेल तरी एकदा जाऊन बघा. लुथरन कॉलेजांत गायनाची परंपरा फार मोठी आहे. सेंट ओलाफचा नाताळ महोत्सव १९१२ पासून चालू आहे आणि त्यात पाच गायनवृंद व एक वाद्यवृंद भाग घेतात. गायकवृंदात गायला ख्रिस्ती असावे लागत नाही. भजनाची सवय असलेल्या घरातल्या मुलाला तिथे एकेकटे सूर सोडून चार आवाजांत गाणे शिकायला वेळ लागतो, पण मजा येते.

माझ्याकडून झालेली चूक सांगते. कम्युनियनच्या (भाकर आणि द्राक्षरस देण्याच्या विधीच्या) वेळी सगळे रांगेने पुढे गेले, मीही गेले आणि प्रसाद समजून हात पुढे केला. कोणी रागावले नाही, पण तो विधी त्यांच्या लेखी बाप्तिस्मा झालेल्यांचा असतो. पुन्हा तशी वेळ आली तर जागेवर बसून राहावे, किंवा पुढे जायचेच असेल तर छातीवर हातांची घडी घालावी. पाद्री मग फक्त आशीर्वाद देतात.

कॉलेजाचे पाद्री हे सगळ्यांसाठी असतात, हे मला उशिरा कळले. आजोबा गेल्याचा फोन आला तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि परत जाणे शक्य नव्हते. पाद्रीबाईंनी सकाळी चॅपेलचा एक कोपरा उघडून दिला, पणती लावू दिली आणि मी बसले होते तोवर बाहेर थांबल्या. त्यांनी धर्माचा एक शब्दही काढला नाही.

गावातले एखादे कुटुंब तुमचे 'यजमान कुटुंब' म्हणून नेमले जाते. तुम्ही त्यांच्याकडे राहत नाही, पण सणाला जेवायला बोलावले जाते. जेवणाआधी ते हात धरून प्रार्थना म्हणतील. मान खाली घालून शांत राहिले की पुरे. रविवारी चर्चला येण्याचे आमंत्रण मिळाले आणि जायचे नसेल तर "नको, पण धन्यवाद" म्हणणे असभ्यपणाचे ठरत नाही. तीच गोष्ट कोणी वारंवार आणि आग्रहाने करू लागले तर परदेशी विद्यार्थी कार्यालयाला सांगा.

शाकाहारींनी 'व्हेजिटेरियन' या पाटीवर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. त्यात अंडे धरलेले असते, भाज्यांचे सूप कोंबडीच्या रश्शात असू शकते, जिलेटिन तर मिठाईतही असते. भोजनगृहाच्या मुख्य आचाऱ्याला जाऊन भेटा. हजार-दीड हजार मुलांच्या कॉलेजात तो तुमचे नाव लक्षात ठेवतो. आमच्याकडे महिन्याभराने माझ्यासाठी मसुराची आमटी वेगळी निघू लागली. ती पचपचीत असे. गोडा मसाला न्यायला सांगितला आहे तो यासाठी.

९. सुट्ट्या, काम आणि कर

थँक्सगिव्हिंग आणि नाताळात अनेक वसतिगृहे बंद होतात किंवा भोजनगृह बंद असते. राहण्याची परवानगी आणि जेवणाची सोय यांचे अर्ज वेगळे असतात आणि त्यांच्या मुदती ऑक्टोबरातच संपतात. गावात बस नसते, सर्वांत जवळचा विमानतळ दोन-तीन तासांवर असतो, आणि टॅक्सी मिळेल असे धरून चालू नका. काही कॉलेजांत जानेवारीत महिन्याभराचे एकच सत्र असते आणि त्यात एकच विषय शिकवला जातो. अवघड अनिवार्य विषय मागे लागला असेल तर त्या महिन्यात उरकावा.

सत्र चालू असताना आवारात आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येते. पहिली नोकरी बहुधा भोजनगृहात भांडी लावण्याची मिळते. नेमणुकीचे पत्र मिळाले की सोशल सिक्युरिटी क्रमांकासाठी (पगारासाठी लागणाऱ्या सरकारी क्रमांकासाठी) अर्ज करा. आवाराबाहेर परवानगीशिवाय काम, अगदी ओळखीच्या मराठी कुटुंबाची मुले सांभाळून पैसे घेणेही, व्हिसा घालवू शकते. पदवीनंतर १२ महिन्यांचे ओपीटी (आपल्या विषयातले काम करण्याची परवानगी) मिळते आणि विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विषयांना आणखी २४ महिने. हे पदवी बी.ए. आहे की बी.एस्सी. यावर ठरत नाही, आय-२० वरच्या विषयाच्या सांकेतिक क्रमांकावर ठरते. अर्थशास्त्र घेणाऱ्यांनी आपल्या कॉलेजात तो क्रमांक कोणता आहे हे विषय जाहीर करण्याआधी विचारावे.

शिकवणी शुल्कापलीकडची, म्हणजे राहण्या-जेवणासाठी मिळालेली शिष्यवृत्ती करपात्र असते, आणि कॉलेज त्यावर १४ टक्के कर कापून थेट तुमच्या खात्यावर बिल म्हणून लावू शकते. सत्राच्या मध्येच येणारे हे बिल सर्वांना धक्का देते, म्हणून आधीच विचारून ठेवा. दरवर्षी फॉर्म ८८४३ हे अनिवासी विद्यार्थ्याचे निवेदन भरायचेच असते, कमाई शून्य असली तरी. कमाई असेल तर १५ एप्रिलपर्यंत १०४०-एनआर या करविवरणपत्राबरोबर, नसेल तर १५ जूनपर्यंत. भारत-अमेरिका कर करारातल्या कलम २१ मुळे भारतीय विद्यार्थ्याला प्रमाणित वजावट (उत्पन्नातून ठरावीक रकमेची सूट) घेता येते, जी इतर बहुतेक देशांच्या विद्यार्थ्यांना मिळत नाही. अमेरिकी वर्गमित्र वापरतात ते सॉफ्टवेअर रहिवाशांसाठी असते, ते वापरू नका. परदेशी विद्यार्थी कार्यालय फेब्रुवारीत वेगळ्या सॉफ्टवेअरचा सांकेतांक देते. उन्हाळ्यात घरी येणार असाल तर आय-२० च्या दुसऱ्या पानावर प्रवासाची सही आहे का आणि ती वर्षाच्या आतली आहे का, हे शेवटच्या परीक्षेच्या आधी पाहून घ्या, कारण परीक्षा संपल्याच्या दुसऱ्या दिवशी ते कार्यालय चालवणारी एकुलती एक व्यक्ती रजेवर जाते.